हुबेहूब

तोक्तोसून आगाय, म्हणजे आमचे चित्रकलेचे सर, मुलांच्या ओढीने आमच्याकडे आले, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होते. खरं कारण त्यांच्या बायकोने मला फोनवर सांगितलं होतं. चाळीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवून निवृत्त झालेला माणूस दिवसभर घरात असतो आणि ती सूप ढवळत असताना मागे उभा राहून चुका काढतो. शनिवारचे तीन तास तरी त्याला कुठेतरी गुंतवा, एवढंच त्या बिचारीचं म्हणणं होतं.

बिश्केकमध्ये ओश बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं निवारा केंद्र आहे. घर सुटलेल्या बायका मुलांना घेऊन इथे येतात, सहा महिने राहतात आणि तेवढ्यात कुठेतरी खोली शोधतात. व्यवस्था मी बघते. लहानथोर सगळे मला सायरा एजे म्हणतात, मोठ्या बहिणीचा मान देतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात.

पहिल्या शनिवारी आगाय आले ते डोक्यावर उंच पांढरी फेल्टची टोपी घालून. ती त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही. टेबलावर निळं कापड पसरून त्यांनी मधोमध एक लाल सफरचंद ठेवलं आणि उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते यावर बराच वेळ बोलले. मग खडू घ्यायला फळ्याकडे वळले. परत फिरून बघतात तर निळं कापड होतं, सफरचंद नव्हतं. सहा वर्षांचा एर्मेक तोंड बंद ठेवून फार सभ्यपणे चावत होता.

पुढच्या वेळी त्यांनी कांदा आणला. कांदा टिकला. तो इतका टिकला की मुलांनी चार शनिवार कांदाच काढला.

त्यापुढच्या शनिवारी बेर्मेत बोलली. ती दहा वर्षांची, आमच्याकडे येऊन दोन महिने झालेली. तिने फार अदबीने विचारलं, कांदा कंटाळला असेल, तर आज त्याच्या जागी आगाय बसतील का?

आगाय म्हणाले, "मी शिक्षक आहे. भाजी नाही."

"चित्रात फार फरक नाही पडणार, आगाय. फक्त टोपी जास्तीची काढावी लागेल."

ते बसले. हनुवटी वर करून, थिएटरात कुणीतरी मोठा माणूस बसावा तसे. बेर्मेतने काढलं तेही तसंच. पण डोळे तिने तिरके काढले, मुलं आपल्याकडे बघताहेत ना, हे चोरून बघणारे. मला हसू आवरेना. आगायनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि एकच शब्द बोलले, "हुबेहूब."

पुढच्या आठवड्यात तिने मला काढलं. माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा माझ्या डोक्यापेक्षा मोठा होता. तेव्हा माझं हसू आवरलं. आठवडाभर मी किल्ल्या खिशात ठेवून फिरले.

मग काय, बेर्मेतला कुणाचं भय उरलं नाही. झोपलेला पहारेकरी, केस विंचरणाऱ्या बायका, पीठ मळणारी स्वयंपाकीण, सगळे कागदावर आले. आगाय विलोच्या झाडाच्या काड्या पत्र्याच्या डब्यात जाळून कोळशाच्या कांड्या करून आणत. मुलांचे हात काळे, चेहरे काळे, माझ्या भिंतीही काळ्या.

ज्या संस्थेने आम्हाला कागद दिले होते, तिथली आयपेरी नावाची तरुण बाई एका शनिवारी आली. तिला मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. तिने सगळे कागद पाहिले. कांदे पाहिले, किल्ल्या पाहिल्या, उघड्या तोंडाचा पहारेकरी पाहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली की चित्रं गोड आहेत, पण मुलांनी जे सोसलंय ते यांत दिसत नाही. बघायला येणाऱ्यांच्या काळजाला भिडायला हवं.

बाजूला घेऊन म्हणाली खरी, पण आमची खोली एवढीशी. एर्मेकने हात वर केला आणि विचारलं, "रडणारा कांदा काढू?"

आगाय तिला शांतपणे म्हणाले, "यांचं काय काय गेलं ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मी यांना नाक कसं काढायचं ते शिकवतो. नाकं चांगली जमायला लागली आहेत."

तोवर बेर्मेतने आयपेरीचंच चित्र पुरं केलं होतं. नवे कोरे उंच बूट, हातात वही, चेहऱ्यावर हसू आणि सगळा भार एकाच पायावर. दुसरा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला. आयपेरी ते चित्र बघत राहिली. मग मुलांच्या छोट्या स्टुलावर बसली आणि बूट काढला. टाच सोलून निघाली होती. मी पट्टी आणली. ती वर्ग संपेपर्यंत अनवाणी बसली, आमच्याबरोबर नूडल्स जेवली आणि जाताना म्हणाली, आहेत तीच चित्रं लावू.

चित्रं निवडताना आगायच्या लक्षात आलं. बेर्मेतने इमारतीतलं प्रत्येक माणूस काढलं होतं, फक्त स्वतःची आई नाही. त्यांनी कारण विचारलं तर ती म्हणाली, "आई बसतच नाही."

हे मात्र खरं होतं. तिची आई, जिपार, पहाटे एका खानावळीत भांडी घासायला जायची. तिथून आली की कपडे धुवायची, आणि पाळी नसली तरी व्हरांडा पुसायची. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती दिराच्या घरी राहिली होती. तिथे ती जरा टेकली की कुणी ना कुणी बोलायचं. इथे कुणी बोलणार नाही, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती मान डोलवायची आणि बादली उचलायची.

पुढच्या शनिवारी आगाय व्हरांड्यात जाऊन तिच्यासमोर उभे राहिले. वर्गाला समोर बसायला माणूस हवं, म्हणाले. जिपार म्हणाली, फरशी राहिली आहे.

"फरशी मी पुसतो. तुम्ही बसा."

ती लाजून नको म्हणेल, असं त्यांना वाटलं असणार. तिने त्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि बादली त्यांच्या हातात दिली.

मग एकाहत्तर वर्षांचे आगाय टोपीसकट व्हरांडा पुसायला लागले, आणि जिपार उघड्या दाराशी खुर्चीवर बसली. आधी नुसती टेकल्यासारखी, मग हळूहळू पाठ टेकवून. अधूनमधून तिचा आवाज यायचा, "आगाय, कोपरा राहिला." मुलं खुसखुसायची.

बेर्मेत हसत नव्हती. तिने दोन कागद फाडले. तिसऱ्यावर ती फार वेळ काम करत राहिली. "आई, माझ्याकडे बघ," एवढंच मधूनमधून म्हणायची, आणि जिपार बघायची. त्या दोघी इतका वेळ एकमेकींकडे बघताना मी तरी आधी पाहिल्या नव्हत्या.

शेवटी जिपारने कागद हातात घेतला. उजेडात धरून म्हणाली, "मी इतकी म्हातारी झाले?"

"नाही. दमली आहेस," बेर्मेत म्हणाली. "म्हातारं वेगळं काढतात. आगायनी शिकवलंय."

जिपारने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. मग विचारलं, हात कुठे आहेत? चित्रात मांडीवरची जागा कोरीच होती.

"ते पुढच्या शनिवारी. परत बसावं लागेल."

संध्याकाळी जिपार माझ्याकडे आली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "सायरा एजे, पुढच्या शनिवारी व्हरांड्याचं दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मला काम आहे."

प्रदर्शन वाचनालयाच्या दालनात झालं. लोक आले आणि बराच वेळ हसले. एक आजोबा पहारेकऱ्याच्या चित्रापाशी उभे राहून म्हणाले की हा तर आमचा जावई. जिपारचं चित्र तिथे नव्हतं. ते पुरं झालेलं नाही, असं सांगून बेर्मेतने ते दिलंच नाही.

वसंतात जिपारला खानावळीतल्या एका मैत्रिणीच्या घरी, शहराच्या टोकाला, खोली मिळाली. तरी दोघी मिनीबसने शनिवारी येत राहिल्या, आई बसायला आणि मुलगी काढायला. हात पुरे व्हायला पाच शनिवार लागले. आगाय सगळ्यांना सांगायचे, माणसाच्या अंगात हातांइतकं अवघड काही नाही, घाई करून चालत नाही.

माझ्या दैनंदिनीच्या कोपऱ्यात मात्र याच आगायनी, एक चहा निवायच्या आत, माझे दोन्ही हात काढून दिले होते.