चिठ्ठीत न आलेली खोली

"हळू घ्या हो, पुढं खड्डा आहे," स्कूटरवर मागे बसलेली उषा म्हणाली.

"वीस वर्षं याच रस्त्यानं सोडतोय तुला. खड्डे आता मला ओळख दाखवतात," एकनाथ म्हणाला. पण वेग मात्र त्यानं कमी केला.

उषाच्या मांडीवर दोन तापमापकं होती. जुन्या साडीच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली. दवाखान्यातून पहिल्यांदा घरी निघालेल्या बाळाला धरावं तशी तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती. पिरंगुटच्या चौकात ट्रकनं जोरात हॉर्न दिला तेव्हा तिनं पटकन पदर त्यांच्यावर ओढला आणि मग स्वतःलाच हसली. काचेला कुठं कान असतात?

"संशोधक बाई," एकनाथ आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "नोबेल घरी आणणार की शाळेतच ठेवणार?"

"थट्टा करा. पण नाव छापून येणार आहे माझं. उषा एकनाथ गिराम. तुमचंही फुकटात येतंय मध्ये."

"मधलं तर मधलं. इथं कोण विचारतंय आपल्याला?"

उषा घोटावड्याच्या पुढच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. परभणीकडून बदली होऊन आली ती इथलीच झाली. मे महिन्यात निवृत्त होणार होती. इतकी वर्षं तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. पोरं 'बाई' म्हणायची, पोरांचे आईबाप बाई म्हणायचे, आणि तिच्याच हाताखाली शिकून आता बाप झालेली पोरंसुद्धा एसटीत जागा देताना 'बसा बाई' म्हणायची.

दरवर्षी शिक्षकांना एक कृतिसंशोधन करावं लागतं. आपल्या वर्गातली एखादी अडचण शोधायची, उपाय करायचा, काय फरक पडला ते लिहायचं. खरं म्हणजे सगळे एकमेकांचं बघून लिहितात. उषाही लिहायची. 'अक्षर सुधारणे' हा विषय तर तिनं कितीदा सुधारला होता.

पण या हिवाळ्यात पौडला प्रशिक्षण झालं, तिथं एक वेगळीच पाहुणी आली. पुण्याच्या मेडिकल कॉलेजातली डॉक्टर उत्कर्षा. उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली लहान मुलांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हा तिचा अभ्यासाचा विषय. तिनं सगळ्यांना विचारलं, "तुमच्या वर्गातली अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्हाला स्वतःला अजून कळलेली नाही."

शिक्षकाला न कळलेलं कुणी चारचौघांत सांगतं का? आणि उषाच्या तोंडून निघून गेलं, "होळी झाली की माझी पोरं दुपारी पेंगतात. सकाळी हुशार असणारी दुपारी मठ्ठ होतात. मी दुपारी गणित घेणंच सोडून दिलंय. चित्रं काढायला लावते. ही पोरांची सवय, की डोक्यावरचा पत्रा, ते मला अजून कळलेलं नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. उत्कर्षा हसली नाही. ती जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन उषाच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "उषाताई, हे आपण मिळून शोधू या?"

उषाताई. पौडच्या त्या गर्दीत उषाला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारली.

अभ्यास साधा होता. आणखीही काही शाळा त्यात होत्या. जिथं एकाच अंगणात सारख्या दोन खोल्या, तिथं एका खोलीच्या पत्र्यावर चुना आणि पांढऱ्या सिमेंटचा जाड हात द्यायचा, दुसरी आहे तशी ठेवायची. दुपारी दोन्ही खोल्यांचं तापमान बघायचं, मुलांची नाडी बघायची, डोकं दुखतं का विचारायचं, छोटी छोटी गणितं घालायची. फरक दिसला तर पुढं घरांच्या पत्र्यांसाठीही सरकारकडे चुन्याची मागणी करता येणार होती. मात्र हे सगळं सकाळची शाळा सुरू व्हायच्या आत व्हायला हवं. एकदा शाळा सकाळची झाली की दुपार हातची गेली. आणि पुढच्या वर्षीच्या दुपारी उषा शाळेत नसणार.

कुठली खोली रंगवायची ते चिठ्ठीनं ठरवायचं, यावर उत्कर्षा अडून बसली होती. गावाला ते लगेच पटलं. "सरपंचाच्या आरक्षणावानी," हैबतराव म्हणाले. हैबतराव शाळा समितीचे अध्यक्ष, वाडीतले मोठे जमीनदार. आरक्षणाला काढतात तशी लहान लेकराच्या हातून चिठ्ठी काढली. पहिलीतल्या जुईलीनं डोळे मिटून हात घातला आणि निघाली तिसरी-चौथीची खोली, ऋषिकेश सरांची. उषाची पहिली-दुसरी उन्हातच राहिली. जुईली मात्र "मी काढली, मी काढली," करत अंगणभर नाचली.

शनिवारी ऋषिकेश सरांचा पत्रा पांढरा झाला. आज सोमवार, मापाचा पहिला दिवस.

शाळेच्या फाटकाशी उषा स्कूटरवरून उतरली तर हैबतराव समोरच उभे. धुवट टोपी, मिशीत हसू.

"बाई, जरा वर बघा की."

उषानं वर बघितलं. सकाळच्या उन्हात दोन पांढरे पत्रे डोळे दिपवत होते. दोन.

"काल सांजच्याला आमच्या गड्याला, किशोरला घातला शिडीवर," हैबतराव खुशीत सांगू लागले. "चुना उरला व्हता. म्हनलं, बाई आता जानार, त्यांच्याच खोलीवर ऊन कशापायी? आन बारकी पोरं तुमच्याकडं. थोरल्यांनी सावलीत बसायचं आन बारक्यांनी तापायचं, ह्ये काय मला झोपू देईना. बोला, कसं केलं?"

एकनाथनं स्कूटर बंद केली, वर बघितलं आणि मग बायकोकडे बघितलं.

"का वो? गळतोय का कुटं?"

"नाही, हैबतराव. छान झालाय," उषा म्हणाली. "पण ती खोली तशीच ठेवायची होती. दोन्ही पांढऱ्या झाल्यावर फरक कशावरून सांगणार?"

हैबतरावांच्या मिशीतलं हसू हळूहळू विझलं. "आरं तिच्या," ते म्हणाले, आणि पायरीवर बसले.

दहाच्या सुमाराला उत्कर्षाची गाडी आली. तिनं खाली उतरायच्या आधीच वर बघितलं. हैबतरावांच्या शेजारी पायरीवर बसली.

"आजोबा, निघेल का हो हा?"

"कच्चाच हाय अजून. तारंच्या ब्रशनं घासला तर सांजपातूर निघंल. उद्या मातुर दगूड व्हईल. चूक माजी हाय, मीच चढतो वर."

"तुमी न्हाई चढायचं," उषा त्यांच्याच बोलीत म्हणाली, आणि सगळ्यांना जरा हसू आलं.

उत्कर्षानं तिला बाजूला घेतलं. "उषाताई, खरं सांगते. दोन्ही रंगलेल्या असतील तर ही शाळा मला अभ्यासात धरता येणार नाही. बाकीच्या शाळा आहेत, अभ्यास थांबणार नाही. पण ही गळेल. आणि छापून येणाऱ्या निबंधात तुमचं नाव या शाळेमुळेच आहे. आज उतरवला तर उद्यापासून मोजू. मी दुपारपर्यंत इथंच आहे. तुम्ही ठरवा."

ठरवायचं काय त्यात, असंच उषाला वाटलं. चिठ्ठी टाकली होती, रीतीनं टाकली होती. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न. पोरं इतकी वर्षं त्याच पत्र्याखाली बसत आली होती. तिनं हैबतरावांना सांगितलं, शिडी लावून ठेवा, जेवणाची सुट्टी होऊ द्या. मग वर्गात जाऊन भिंतीत खिळा ठोकला आणि एक तापमापक लटकवून दिलं. उद्याची तयारी म्हणून.

खिचडी झाली. ऊन डोक्यावर आलं. बाहेर शिडी पत्र्याला टेकल्याचा आवाज झाला. उषा दारात उभी राहिली आणि वर्गाकडे बघू लागली.

ही तिची नेहमीची वेळ. या वेळेला एकेक मान कलायची. जुईली तर दप्तरावर गाल टेकून सरळ झोपायची, तोंड उघडं, कपाळाला केस चिकटलेले. आज जुईली पाटीवर काहीतरी गिरवत होती. शेजारच्या पोरीशी पेन्सिलीवरून भांडत होती. दोघं तिघं खिडकीतून शिडीकडे बघत होती. वर्गात दंगा होता. चांगला, सकाळच्यासारखा दंगा.

पत्राच तो. पत्राच.

आणि लगेच उत्कर्षानं पौडला सांगितलेलं आठवलं. पोरं आज पाहुणी आलीय म्हणूनही जागी असतील. शिडी लावलीय म्हणून असतील. वाऱ्यानं असतील. शेजारची खोली जशीच्या तशी तापत असती, तरच सांगता आलं असतं. आता तिला जे दिसत होतं ते खरं होतं की तिला हवं होतं म्हणून दिसत होतं, हे इथं कधी कळणार नव्हतं. कळून घ्यायचं तर हा दंगा उद्या पुन्हा उन्हात घालायला हवा होता.

"बाई," बाहेरून हैबतरावांचा आवाज आला. किशोर ब्रश घेऊन तिसऱ्या पायरीवर चढला होता. "करू का सुरू?"

उत्कर्षा अंगणातल्या नळावर हात धूत होती. तिनं वळून बघितलं.

"शिडी काढून घ्या, हैबतराव," उषा म्हणाली.

"आवं, पन तुमचं नाव?"

"नावाला काय झालंय? वाडीत सगळे बाई म्हणतात की."

किशोर खाली उतरला. हैबतरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग म्हणाले, "माज्या भाड्याच्या खोल्या हायेत ना, कंपनीतल्या पोरांच्या, त्यांच्यावरबी मारून घेतो. रातपाळी करून येत्यात बिचारी, आन दिसा पंक्याखाली भाजत पडत्यात. बिलबी लई येतंय."

"किती खोल्या आहेत?" उत्कर्षानं एकदम विचारलं. तिचे डोळे चमकले होते. "सगळ्या सारख्या?"

"न्हाई बाई," हैबतराव घाईनं म्हणाले. "चिठ्ठ्या न्हाई टाकायच्या."

उत्कर्षा मोठ्यानं हसली. उषाही हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ते हसण्याचंच आहे असं दोघींनीही मानलं.

मग उषा वर्गात गेली आणि खिळ्यावरचं तापमापक काढलं. पारा कुठवर चढलाय ते सहज दिसलं असतं. तिनं बघितलं नाही. एकट्या खोलीचा आकडा काही सांगत नसतो, हे ती शिकली होती. मऊ तुकड्यात गुंडाळून तिनं दोन्ही तापमापकं उत्कर्षाच्या हातात दिली.

"उषाताई," उत्कर्षा म्हणाली.

"जा आता. पुढच्या शाळेत दुपार टळून जाईल."

गाडीची धूळ बसेपर्यंत ती दारात थांबली. परत वळली तर रिकाम्या खिळ्यावर जुईलीनं आपली पाण्याची बाटली अडकवली होती, गुलाबी, झाकण हरवलेली.

"बाई, चित्र काढायचं का?" जुईलीनं विचारलं.

उषानं फळा पुसला. सकाळची कविता नीट, कोपऱ्यापर्यंत पुसली. खडू घेतला.

"नाही," ती म्हणाली. "पाट्या घ्या. गणित."