तीन वेळा अठरा

कल्पना करा, तुमच्या हातात लाल पेन्सिल आहे आणि समोर एका मोठ्या माणसाची उत्तरपत्रिका. ते मोठं माणूस म्हणजे तुमची सख्खी आत्या. ती पलंगाच्या कडेला बसून अंगठ्याचं नख कुरतडते आहे, आणि तुम्ही फक्त दहा वर्षांच्या आहात. दिसलं ना सगळं? मग आता जरा बाजूला सरका, कारण ती जागा भिंगरीची आहे आणि तिला उशीर होतो आहे.

भिंगरीने तिसऱ्या प्रश्नावर पेन्सिल टेकवली, थोडी थांबली आणि फुली मारली.

"किती?" आत्याने विचारलं.

"थांब गं. मध्ये बोललीस की मोजणी चुकते."

"बरं, परीक्षकबाई."

"आणि नखं खाऊ नकोस. मला ओरडतेस ना?"

आत्याने हात मांडीखाली दाबून धरला. भिंगरीने शेवटपर्यंत खुणा केल्या, ओठ हलवत बेरीज केली आणि कागद उलटा ठेवून सांगितलं, "सोळा."

"वीसपैकी सोळा," आत्या म्हणाली. "पहिल्या खेपेला वाईट नाही." पण तिचे खांदे जरा खाली आले.

आत्या चौतीस वर्षांची होती. दातांच्या प्रयोगशाळेत ती मेणाचे दात घडवायची. निरनिराळ्या दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे यायचे, आणि जिथे दात नाही तिथे तो कसा असेल हे ती मेणात कोरून दाखवायची. पण तिला त्यापुढे जायचं होतं. अपघातात किंवा आजारात ज्यांचा अख्खा जबडा जातो, त्यांच्यासाठी नवा जबडा बनवायला शिकवणारं एक विद्यापीठ होतं. ते लांब होतं, विमानाने जावं लागेल इतकं, आणि शिक्षण दोन वर्षांचं. त्यासाठी प्रवेश परीक्षा होती. तिच्यातल्या भाषेच्या भागाची आत्याला भीती नव्हती. गणिताची आणि तिची मात्र पंधरा वर्षांत भेट झाली नव्हती.

म्हणून तिने स्वतःला एक अट घातली होती. दोन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी सहाला फॉर्म भरायची मुदत संपत होती. त्याआधी सरावाच्या चार परीक्षा द्यायच्या. त्यांत तीन वेळा अठरा किंवा जास्त आले तर फॉर्म भरायचा, नाहीतर नाही. पुस्तकातली उत्तरांची पानं तिने कात्रीने कापून भिंगरीकडे दिली होती. "माझे डोळे चोरटे आहेत," ती म्हणाली होती. "तू फक्त चूक की बरोबर तेवढं सांग. खरं उत्तर काय ते मी विचारलं तरी सांगू नकोस. चुकलेलं मी पुन्हा सोडवीन."

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकलेली बरी. त्या रविवारच्या पहिल्या परीक्षेत आत्याचे अठरा बरोबर होते.

भिंगरीने असं का केलं? त्याच्या दोनच दिवस आधी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली होती. आई भांडी पुसत होती आणि आत्याला म्हणत होती, "तू गेलीस की आमच्या भिंगरी बाईसाहेबांना सगळी खोली मिळेल. टेबलसुद्धा!" दोघी हसल्या. भिंगरी पाणी न पिताच परत आली. खोलीत दोन पलंग होते आणि त्यांच्यामध्ये हातभर जागा. झोपताना ती एक हात त्या जागेत लोंबता सोडायची आणि पलीकडून आत्याचा हात यायचा. त्या हाताला मेणाचा वास असायचा. खोली मोठी झाली तर त्या हाताचं काय, याबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं.

सोमवारी सकाळी आत्या पेन्सिल कानावर खोचून फुल्या असलेले प्रश्न सोडवायला बसली. भिंगरी वेणी घालता घालता आरशातून बघत होती.

"एका वस्तूची किंमत शंभर. आधी वीस टक्क्यांनी वाढवली, मग वीस टक्क्यांनी कमी केली," आत्या पुटपुटली. "वीस वाढले, एकशे वीस झाले. एकशे वीसचे वीस टक्के म्हणजे चोवीस. ते गेले. शहाण्णव." तिने पुन्हा केलं. पुन्हा शहाण्णव. "भिंगरे, तीन नंबर नक्की चूक?"

वेणीचा पेड हातातून सुटला. "हो."

"बघ हं नीट."

"उत्तर दाखवू?" भिंगरीने विचारलं. आत्या हो म्हणाली तर बरं, असं मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं.

"नको, नको!" आत्याने डोळे घट्ट मिटून घेतले. "अटी म्हणजे अटी. चूक माझीच असणार कुठेतरी."

प्रयोगशाळेच्या मालकांनी तिला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. दात साच्यात बसला नाही तर साच्याला दोष द्यायचा नाही. आपलं मेण पुन्हा तपासायचं. बारा वर्षं ती तसंच करत आली होती.

बुधवारी आत्याची अर्धी सुट्टी असायची. त्या दुपारी दुसरी परीक्षा झाली. या पत्रिकेत दोन राशी देऊन मोठी कोणती ते विचारलेलं होतं. पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही सारख्या, आणि चौथा पर्याय, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.

"हे भारी आहे," भिंगरी म्हणाली. "आमच्या बाईंना मी 'सांगता येत नाही' असं लिहून दिलं तर त्या मलाच वर्गाबाहेर काढतील."

"का येत नाही तेही सिद्ध करावं लागतं, शहाणे. उगाच नाही म्हणायचं नसतं."

आत्याला एकोणीस मिळाले होते. भिंगरीने सोळा सांगितले. पुढच्या रविवारी अठरा मिळाले, भिंगरीने पंधरा सांगितले. त्या दिवशी बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. "कशाला डोकं शिणवतेस? नोकरी चांगली आहे की तुझी."

"आहे रे दादा," आत्या म्हणाली. एवढंच. मग तिने टेबलावरचा खोडरबराचा चुरा तळहाताने गोळा केला. बराच वेळ गोळा करत राहिली.

चौथी परीक्षा शेवटच्या बुधवारी झाली. खरं तर दुसऱ्या परीक्षेनंतरच तीन वेळा अठरा होणं शक्य उरलं नव्हतं. तरी आत्याने तिसरी दिली होती, आणि आता हीही दिली. भिंगरीने नेहमीसारखी आधी खऱ्या उत्तरांशी पडताळणी केली. कुठे खोटी फुली मारायची ते ती त्यानंतर ठरवायची. पण आज तिच्या बोटाखाली खऱ्याच चुका येत होत्या. चार, सात, आठ, अकरा, आणि पुढे आणखी चार. तिने पुन्हा पाहिलं. बरोबर उत्तरं बाराच होती.

सातवा प्रश्न ओळखीचा होता. किंमत शंभर, तीस टक्के वाढवली, तीस टक्के कमी केली. आत्याने उत्तर लिहिलं होतं शंभर. कागद तिथे खरवडलेला होता. भिंगरीने तो खिडकीकडे धरला. शंभरच्या खाली पुसलेला आकडा अजून दिसत होता. एक्क्याण्णव. अकराव्यातही तसंच. चौथ्यातही. आत्याने आठही ठिकाणी आधी बरोबर लिहिलं होतं, आणि मग स्वतःवरचा विश्वास उडून ते पुसलं होतं.

"किती?" आत्याने विचारलं. यावेळी ती नख खात नव्हती.

"बारा," भिंगरी म्हणाली. पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला होता.

"वाटलंच," आत्या म्हणाली आणि हसली. "चल, संपलं. थकलीस ना माझ्या पत्रिका तपासून?"

गुरुवारी आत्या लवकर घरी आली. दोघी पत्ते खेळल्या, भिंगरी तीनदा जिंकली. शुक्रवारीही खेळल्या. हवं होतं तसं सगळं झालं होतं. पण झोपायच्या वेळी पलंगांमधल्या जागेत भिंगरीचा हात एकटाच लोंबत राहिला. आत्या भिंतीकडे तोंड करून होती. शनिवारी सकाळी तिने विद्यापीठाचं माहितीपत्रक काढलं आणि उंच खिडक्यांच्या प्रयोगशाळेचा फोटो असलेलं पान उघडलं. त्या पानावरून हात फिरवला, जसा कुणाच्या केसांवरून फिरवतात तसा. मग ते गणिताच्या पुस्तकात घालून पुस्तक पिशवीत टाकलं. मालकांच्या भाच्याला हवं होतं म्हणे.

दुपारी दोन वाजता भिंगरी प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. घरून पळत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"काय गं," मालक म्हणाले, "दात पाडायला आलीस की बसवायला? पाडायचा असेल तर शेजारच्या दवाखान्यात जा, आम्ही फक्त गुणी दातांचे."

एरवी ती हसली असती. आत्या कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. छोट्या ज्योतीवर सुरी तापवून मेणात दाढ कोरत होती. भिंगरीने चारही पत्रिका तिच्यासमोर मांडल्या, शेजारी उत्तरांची पानं ठेवली.

"हे काय? घरी सांगून आलीस का?"

"हो. मला पुन्हा तपासायचंय."

"आता कशाला, राणी? झालं ते झालं."

भिंगरीने पहिली पत्रिका ओढली. "एक, बरोबर. दोन, बरोबर. तीन, बरोबर."

सुरी थांबली. "तीन चूक होता. मी दहादा सोडवला तो."

"नव्हता."

आत्याने पत्रिका हातात घेतली. मग उत्तरांची पानं घेतली. डोळे न मिटता तिने ती पहिल्यांदाच वाचली. मागे दात गुळगुळीत करायचं यंत्र घरघरत होतं. सुरीच्या पात्यावरचं मेण थिजून पांढरं झालं.

"इथे किती होते?"

"अठरा."

"दुसरीत?"

"एकोणीस." भिंगरीचा आवाज बारीक झाला होता. "तिसरीत अठरा. शेवटचे खरंच बारा. पण ते तू पुसलंस म्हणून. आणि तू पुसलंस ते..."

आत्या रागावली नाही, तिने जवळही घेतलं नाही. तिने ज्योत विझवली. साच्यांचा ट्रे उचलून बाजूला ठेवला आणि टेबलावर जागा केली. मग पायाने स्टूल पुढे ओढलं, आणि भिंगरी त्यावर बसली.

"मी जाईन मग," आत्या हळूच म्हणाली. "दोन वर्षं. कळतंय ना तुला?"

भिंगरीने मान हलवली. नाकाने सूं केलं, मनगटाने डोळे पुसले. पत्रिका आपल्याकडे फिरवून घेतली आणि पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"चार," ती म्हणाली. "बरोबर."