विरळणी

आमच्या सासऱ्यांना, हिंमतरावांना, डोणगावच्या बाजारात सगळे भेंडीवाले म्हणूनच ओळखतात. भेंडीबद्दल कोणी विचारलं की त्यांचं सांगणं एकच असतं, सगळी मेहनत विरळणीत आहे. एका जागी दोन बिया टोकायच्या, कारण एखादी उगवतच नाही. दोन्ही उगवल्या तर वीतभर व्हायच्या आत त्यातलं बारकं रोप उपटून टाकायचं, म्हणजे दुसरं जोमानं वाढतं. लग्नानंतर पहिल्याच हंगामात त्यांनी मला वाफ्यात बसवून हे शिकवलं. बारकं रोप उपटताना माझा हात अडखळायचा, तेव्हा ते हसायचे.

"अवं प्रतीक्षा, अशी दया करशीन तं दोन्हीबी वाया जातीन," म्हणायचे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यातूनच झालं. आणि माझे सासू-सासरे वाईट आहेत असं कोणी समजू नये. वाईट असते तर दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. माझी जीभ लांब आहे, हे सासरी पहिल्याच आठवड्यात सर्वानुमते ठरलेलं आहे.

जुळी आहेत हे मेहकरच्या सोनोग्राफीत कळलं तेव्हा घरात नुसता आनंद होता. सासूबाईंनी ठेवणीतलं जुनं मऊ लुगडं फाडलं आणि दोन लहान गोधड्या शिवायला घेतल्या. दुपारी ओट्यावर बसायच्या, थोडा वेळ ही शिवायच्या, थोडा वेळ ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही उलगडून दाखवायच्या. "दोघायले सारखंच पाह्यजे, नाईतर मोठेपनी भांडतीन," म्हणायच्या. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी मला जोडकेळं खाल्लं होतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "हो, डझनभर." त्यावर त्या चार दिवस आमच्या दारात आल्या नाहीत.

सहावा महिना सरत आला तेव्हा मेहकरच्या मॅडमनी पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि अकोल्याला जायला सांगितलं. मालेगाव, पातूर करत आम्ही अकोल्याला गेलो, मी आणि माझा नवरा सागर. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर दोन गोल काढले, एक मोठा, एक लहान, आणि दोन्हीपासून रेघा ओढून एकाच ठिपक्याला जोडल्या.

"वार, म्हणजे नाळ जिथं जोडलेली असते ती, एकच आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाळांना रक्त तिथूनच जातं. पण वाटणी नीट झालेली नाही. एकाला भरपूर मिळतंय, दुसऱ्याला कमी पडतंय, म्हणून त्याची वाढ मागे राहिली आहे."

"मी कमी खाल्लं का?" मी विचारलं.

"नाही. तुमच्या खाण्याचा यात दोष नाही. दर आठवड्याला या. रक्त कसं जातंय ते आपण पाहत राहू."

"आणि मी काय करू?"

"लक्ष ठेवा. हालचाल कमी वाटली तर लगेच निघा."

मला भांडायला कोणीतरी हवं होतं आणि बाईंनी तेवढीही सोय ठेवली नाही. त्या इतक्या नीट बोलत होत्या, की राग काढायचा कुणावर हेच कळेना. परतीच्या गाडीत सागर खिडकीबाहेर पाहत होता. मी पोटावर हात ठेवून बसले होते. थोरलं वर, डाव्या बाजूला असायचं, ते लाथा मारायचं तर पदर हलायचा. बारकं खाली उजवीकडे. त्याचं हलणं म्हणजे पाण्यातली मासोळी अंगाला घासून जावी एवढंच. गाडी खड्ड्यातून आदळली की मी श्वास धरून त्याची वाट पाहायचे.

संध्याकाळी घरी सगळे जमले. सागरनं सांगितलं, "एक चांगलं हाये. एक बारकं राह्यलं."

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहून फार मायेनं म्हणाले, "पोरी, जिवाले लावून घेऊ नको. एका जागी दोन आले तं असं होतेच. एक दुसऱ्याचं खाते. बारकं गेलं तं थोरलं भरीन. आपल्याले एक तरी धडधाकट भेटीन ना?"

"तसं नसतं ते, मामाजी," मी म्हटलं.

"हाव, हाव," ते म्हणाले. आजारी माणसाला म्हणतात तसं.

त्या दिवसापासून घरातला आमचा हिशेबच बदलला. सासूबाई सकाळी अळिवाची खीर द्यायच्या, दुपारी नारळपाणी, आणि वाटी हातात देताना म्हणायच्या, "थोरल्याले लागू दे." रुक्मिणीबाई राग विसरून परत आल्या आणि त्यांच्या मावसबहिणीच्या जुळ्यांपैकी एक कसं गेलं आणि उरलेला आता पोलिसात कसा आहे, हे रंगवून सांगून गेल्या. जो येई तो एकाच शब्दाची खिरापत वाटायचा, "एक तरी." एक तरी राहीन. एक तरी हाती लागीन. असं वाटायचं, यांच्या घरी जावं, यांची दोन लेकरं समोर उभी करावी आणि म्हणावं, यातलं एक तरी ठेवा. पण समजूत घालायला आलेल्या माणसाच्या अंगावर धावून जाता येत नाही. मी खीर प्यायचे आणि मनात म्हणायचे, बारक्या, हे तुझं आहे, तू घे. जायचं तिथंच जाणार होतं, मला ठाऊक होतं. तरी म्हणायचे.

एका दुपारी ओट्यावर पाहिलं तर सासूबाईंच्या मांडीवर एकच गोधडी होती.

"दुसरी कुठं आहे?"

"ठेवली पेटीत," त्या म्हणाल्या. वर पाहिलं नाही. "हात दुखून राह्यला बाई. पाहू मंग."

हात दुखत होता तर पहिली कशी चालली होती? मी विचारलं नाही. त्या ओट्यावरून उठून शेजारी गेल्यावर मी आत जाऊन पेटी उघडली. गोधडी अर्धी शिवलेली, सुई तिच्यातच खोचून ठेवलेली होती. मी पेटी बंद केली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. देवाला न विचारताच यांनी वाटणी करून टाकली, असं मला वाटलं.

आठवा महिना लागला. त्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टर मॅडमनी मशीन पुसून बाजूला ठेवलं, खुर्ची जवळ ओढली.

"लहान बाळाकडे जाणारं रक्त मधून मधून थांबतंय. आता वाट पाहू नये असं मला वाटतं. आजच दाखल व्हा. फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊ आणि बाळं बाहेर काढू. दोन्ही दिवसांआधीची असतील, काचेच्या पेटीत ठेवावी लागतील. पण वार एकच आहे, हे विसरू नका. लहान बाळ पोटातच दगावलं, तर मोठ्याचं रक्त एकदम तिकडे वाहतं. मोठं दगावू शकतं, नाहीतर त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते."

"घरी विचारून येतो," सागर म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या सकाळी इथं असायला हवं," त्या म्हणाल्या.

मी तिथंच बसून राहायला हवं होतं. पण सागरनं फाइल उचलली, गाडीवाल्याला फोन केला, आणि हा आपला नवरा आहे, घरी जाऊन नीट सांगेल, असं मला वाटलं. ऐकायला आम्ही दोघंही होतो. त्यानं घरी निम्मंच नेलं.

"बारक्यासाठी आताच काढा म्हणतेत," तो म्हणाला.

"आन् थोरल्याचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते बी काचेत ठेवा लागीन."

"मंग काऊन काढता? त्याचं चांगलं चालू हाये ना? महिनाभर राहू दे पोटात. बारक्यापायी त्याले कायले उघड्यावर आनता?"

"मामाजी, बारकं गेलं तर थोरलंही जातं," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या." मी सागरकडे वळले. "सांगा ना हो तुम्ही!"

सागर म्हणाला, "म्हनल्या तशा. पन तसं होईनच असं नाही. डॉक्टर लोक भेव घालतेतच."

"नको रडू माय," सासूबाई म्हणाल्या. "थोरल्याले त्रास होईन."

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. सकाळी उजवीकडे हात ठेवला. वाट पाहिली. साखर खाल्ली, कूस बदलली, पुन्हा हात ठेवला. बऱ्याच वेळानं ती मासोळी एकदा हलली, इतकी हळू, की मला वाटलं मीच ती मनानं हलवली. मी उठले आणि चप्पल घालून थेट मळ्यात गेले. सागर मागून हाका मारत आला.

सासरे भेंडीच्या वाफ्यात उकिडवे बसून विरळणी करत होते. मला पाहून घाबरून उभे राहिले.

"काऊन आली व इथं? अशा टायमाले?"

"बसा मामाजी. मला एक दाखवा." मी सरीच्या कडेला टेकले. समोर एका जागी दोन रोपं होती, अगदी चिकटून आलेली, एक टरारलेलं, एक पिवळट. "हे बारकं उपटा."

"हे नाही उपटत. मुळ्या गुतल्या हायेत. वरूनच पाह्यलं की समजते. असं असलं तं वढत नाही आपन."

"का नाही?"

"का म्हंजे? दोन्ही येतीन ना हातात."

"ओढा तरी."

"अवं, येडी झाली काय तू?"

मीच वाकले. पोट आड येत होतं, तरी वाकले, बारक्या रोपाला धरलं आणि ओढलं. दोन्ही आली. टरारलेलं रोपसुद्धा मुळासकट आलं, माती गळत. मी ती दोन्ही त्यांच्या हातावर ठेवली.

"यांच्या मुळ्या नुसत्या गुंतलेल्या होत्या," मी म्हटलं. "माझ्या पोटात मूळ एकच आहे. दोघांना मिळून एक. तुम्ही बारकं जायची वाट पाहून राहिलात. ते जाताना थोरल्याला घेऊन जाईल. हे डॉक्टरांनी तुमच्या पोराला काल सांगितलं, माझ्यासमोर. विचारा त्याला."

सासऱ्यांनी सागरकडे पाहिलं. सागर पायानं ढेकूळ फोडत होता.

"सांगतलं होतं काय बे?"

"हाव," सागर म्हणाला.

ते पुन्हा हातातल्या रोपांकडे पाहू लागले. ज्या माणसानं जन्मभर जे उपटलं ते मागे न पाहता फेकलं, त्याला ती दोन रोपं खाली ठेवता येईनात. "गाडी काढ," शेवटी म्हणाले, आणि आवाज इतका बारीक होता, की सागरला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

इंजेक्शनं पूर्ण व्हायला वेळच मिळाला नाही. त्याच संध्याकाळी मला आत घेतलं. दोन्ही मुली झाल्या. मुली म्हणून कोणी तोंड वाकडं केलं नाही, तेवढं खरं. थोरलीला श्वासाला त्रास झाला, ती लवकर सावरली. बारकी माझ्या तळहातावर मावली असती, पण मला ती कितीतरी दिवस हातात मिळाली नाही. काचेवर हात ठेवून उभी राहायचे. आदल्या दिवशीच दाखल झाले असते तर इंजेक्शनांना वेळ मिळाला असता, हे मला मॅडमनी आपणहून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून त्या "हो" म्हणाल्या. सागर शेजारीच उभा होता. त्यानंतर तो पुष्कळ धावला, औषधं आणली, रात्रंदिवस बाकावर बसला. मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. लोक म्हणतात, नवरा किती करतो. करतो.

बारकी जगली. उन्हाळा सरता सरता दोघींना घेऊन मी घरी आले.

नाव ठेवायच्या दिवशी आमचं अंगण भरलं होतं. सासरे नवा सदरा घालून आल्या-गेल्याला सांगत होते, "म्या तं म्हनलं, एक मिनिट थांबायचं काम नाही! दोन्ही वाचल्या पाह्यजे! सरळ गाडी काढाले लावली." लोक माना डोलवत होते. गाडी त्यांनीच काढायला लावली होती, यात खोटं काहीच नव्हतं. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते पाण्याचं पाहायला म्हणून मागच्या दारी गेले.

पाळणा सजला तेव्हा सासूबाई दोन गोधड्या घेऊन आल्या. बायकांनी हात लावून लावून पाहिल्या. "कवापासून शिवून राह्यली होती," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मी पाह्यलं ना." सासूबाई हसल्या. "दोन्ही संगंच शिवल्या. दोघायले सारखंच पाह्यजे."

मी दोन्ही हातात घेतल्या. एकीचे टाके सगळीकडे बारीक, एका ओळीत. दुसरीचे निम्म्यापर्यंत तसेच, आणि तिथून पुढे लांब लांब, घाईनं ओढलेले. जिथं सुई खोचून ठेवली होती, ती जागा मला बरोबर सापडली. सासूबाईंनी माझ्या हातातून ती घाईची गोधडी घेतली आणि बारकीला गुंडाळायला पुढे झाल्या.

मी त्यांचा हात धरला. ती गोधडी काढून घेऊन थोरलीवर घातली, आणि बारीक टाक्यांची बारकीभोवती गुंडाळली, नीट, पायापर्यंत.

"अवं, ती थोरलीची हाये," त्या म्हणाल्या.

"तुम्ही दोन्ही संगंच शिवल्या ना, आई?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर, हसत. "मग कोणाला कोणती का असेना."

बायका हसल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी पाळण्याची दोरी धरली. इतके महिने हे बोलायचं माझ्या मनात होतं. बोलल्यावर बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.