दहाचा पीळ आणि आर्डिसचे टोमॅटो

गोळीप्रमाणे नळी घ्यावी की नळीप्रमाणे गोळी, हा वाद वायोमिंगमधल्या आमच्या गावात गावाला रस्ता येण्याच्या आधीपासून चालू आहे. मी स्वतः नऊच्या पक्षाचा. बंदुकीच्या नळीत ज्या मळसूत्री खाचा असतात त्यांचा एक फेरा नऊ इंचांत पुरा व्हावा; म्हणजे हलकी गोळी नीट जाते आणि जड गोळीही फारशी डगमगत नाही. हे मी कोणापुढेही सिद्ध करून दाखवीन. माझा शेजारी डेल्मर ट्वेट याला मात्र यातला ‘फारशी’ हा शब्द कधीच मान्य झाला नाही.

त्याच्या बंदुकीतल्या खाचांचा पीळ दहा इंचांचा होता, आणि त्याला वापरायची होती ती नवी, लांबलचक, सुईच्या टोकाची गोळी, जी वाऱ्याला दाद देत नाही. इतक्या लांब गोळीला आठचा आवळ पीळ लागतो. दहातून ती सुटली की लोळत जाते आणि कागदावर आडवे भोक पाडते. तशात अठरा वर्षे सोडतीत अर्ज केल्यावर त्या वर्षी डेल्मरला आमच्या खोऱ्यातल्या एल्कच्या, म्हणजे थोराड सांबराच्या, नराच्या शिकारीचा परवाना लागला होता. इथे ओढ्याच्या अलीकडून पलीकडच्या उतारावर सहाशे यार्डांची गोळी घालावी लागते. असा परवाना त्या वयात दुसऱ्यांदा लागत नाही. म्हणून त्याला ऑक्टोबरच्या आत आठची नळी हवी होती.

आड आली ती त्याची पत्नी, आर्डिस. ट्वेटांच्या घरात एक करार होता: जुनी नळी झिजून मेल्याखेरीज नवी आणायची नाही, आणि मेलेली नळी आर्डिसच्या टोमॅटोला खुंट म्हणून द्यायची.

“मेली की नाही ते मी ठरवणार,” आर्डिस म्हणाली. “तुझ्यावर सोडलं तर दर नाताळाला एकेक पुरून येशील.”

दर रविवारी चर्चमधून आल्यावर ती स्वतः पाच गोळ्या झाडी. पाचही भोके तिच्या केकच्या थाळीखाली झाकली गेली, तर नळी जिवंत.

जूनपासून डेल्मर नळी मारण्याच्या उद्योगाला लागला. नळीला हात लावता येऊ नये इतकी ती तापेपर्यंत तो रोज गोळ्या झाडी. मुद्दाम नेम चुकवणे त्याच्या धर्मात बसत नव्हते. तो फक्त झिजवीत होता. त्याचा खांदा निळा पडला, कान बधिर झाले, आणि नळी सुधारत गेली. जुलैत थाळीच्या जागी बशी पुरली असती.

“काय गं, जिवंतच?” तो कुंपणापासून विचारी.

“ठणठणीत! माझ्या आईपेक्षा बरी आहे.”

मग ऑगस्ट आला, टोमॅटो लगडले आणि रोपे जमिनीवर लोळू लागली. त्याच सुमाराच्या एका रविवारी पाचवे भोक थाळीबाहेर चार बोटे पडले. डेल्मरने टोपी काढली. स्वतःच्या हातांनी त्याने नळी बंदुकीपासून सोडवली, वाफ्यात ठोकली, आर्डिसने जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी तिला रोप बांधले, आणि मग त्याने नळ्या बनवणाऱ्या कारागिराला फोन केला.

“आठची ना? मिळेल की,” कारागीर म्हणाला. “एप्रिलमध्ये.”

डेल्मर तसाच वाफ्याकडे गेला. “आर्डिस, ती नळी परत दे. मला वाटतं, ती मेली नव्हती.”

“नव्हतीच. पाचवी मीच बाहेर घातली. खुंट हवा होता मला.”

“म्हणजे जिवंत आहे!”

“आहे ना. आणि कामात आहे. थंडीनं टोमॅटो मेले की घेऊन जा.”

मी माझी बंदूक देऊ केली. त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. “तुझी नऊची, वेंडेल. नऊ म्हणजे धड लग्नही नाही आणि ब्रह्मचर्यही नाही.”

तेव्हापासून कडाक्याची थंडी पडावी म्हणून देवाला साकडे घालणारा खोऱ्यात तो एकटाच होता. थंडी पडलीही, एकूण एक बाग काळी पडली. पण आर्डिस रोज संध्याकाळी आपल्या वाफ्यावर फुलाफुलांची चादर घालीत असे आणि सकाळी टोमॅटो हिरवेगार निघत. शिकारीचा हंगाम उघडला तेव्हा डेल्मरकडे परवाना होता, गोळ्या होत्या, आणि नळी टोमॅटोला होती.

तिसऱ्या दिवशी उजाडताना आर्डिसची किंकाळी ऐकून मी बंदूक घेऊन धावलो. घोड्याएवढा नर चादरीत डोके खुपसून टोमॅटो खात होता. सात पावलांवर, स्वयंपाकघराच्या पायरीवर, लाल अंतर्वस्त्रांत डेल्मर उभा. मुठीत पाच लांब गोळ्या.

“घे!” मी बंदूक पुढे केली.

“आत कुठली गोळी आहे?”

“मध्यम वजनाची.”

“मध्यम?” मी सूपमध्ये खडी टाकली असावी असा त्याचा स्वर होता.

“अरे, सात पावलांवर आहे तो! उशी फेकलीस तरी लागेल!”

“तत्त्व अंतरावर बदलत नसतं.”

“मारा रे कुणीतरी,” आर्डिस ओरडली, “सगळे खाल्ले मेल्यानं!”

नराने दचकून मान वर केली. चादर, मोज्याच्या पट्ट्या आणि नळी, सगळे शिंगांत अडकून वर आले. एका उडीत त्याने कुंपण ओलांडले, ओढा ओलांडला, आणि पलीकडच्या उतारावर तो आडवा उभा राहिला.

“सहाशे,” डेल्मर पुटपुटला. तत्त्व विसरून त्याने माझी बंदूक घेतली आणि पायरीवर पालथा पडला. वारा नव्हता. त्या घरात नऊला प्रथमच न्याय मिळत होता.

“घाल!” मी म्हणालो.

त्याने बोट चापावरून काढले. “नाही जमत. त्याच्या खांद्यापुढेच लोंबतेय. तिला लागेल.”

“कुणाला?”

“नळीला.”

“मेलेली ना रे ती?” आर्डिस म्हणाली.

“तू मारलीस. मी नव्हे.”

उरलेला हंगाम तो बंदुकीवाचून चादरीमागे हिंडला. शेवटच्या दिवशी अ‍ॅस्पेनच्या खोडाशी, नराने घासून पाडलेली नळी त्याला सापडली. आतल्या टोमॅटोच्या बिया काढून त्याने ती पुन्हा बसवली. परवाना त्याच संध्याकाळी संपला. रविवारी आर्डिसने पाच गोळ्या झाडल्या, बशी पुरली.

एप्रिलमध्ये आठची नळी आली. डेल्मरने ती उजेडाकडे धरून आत पाहिले, पिळाची मनापासून तारीफ केली, आणि मग ती वाफ्यात नेऊन ठोकली.

“चांगली लांब आहे,” आर्डिस म्हणाली. “डगमगत नाही अजिबात.”

“आठ आहे,” डेल्मर म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे पाहिले.