खुबा कशानं दुखतो

जोडीताईचा उजवा खुबा दुखायला लागला तेव्हा कारणं सांगणाऱ्यांची नुसती रीघ लागली. औषध सांगणारे एक वेळ परवडले, ते निदान मलम लावून बघा म्हणतात आणि गप्प बसतात. कारणं सांगणारे तुमच्या सगळ्या सवयी चव्हाट्यावर आणतात.

शेजारीण म्हणाली, जिने. चौथ्या मजल्यावर राहायचं आणि लिफ्ट बंद, मग दुसरं काय होणार? नणंद फोनवर म्हणाली, वजन. "वहिनी, राग मानू नकोस हं, पण मागच्या वेळी पाहिलं ना तुला..." राग मानू नकोस म्हणून सुरू होणारं वाक्य कशासाठी असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणाला, चपला, तळ झिजलेत बघ. कारखान्यातली मुकादमीण म्हणाली, वय. ती स्वतः हिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि दिवसभर टणाटण उड्या मारत फिरते, पण बोलायचं कुणी!

कारखाना मोज्यांचा. यंत्रातून निघालेले मोजे ढिगानं लांब टेबलावर येऊन पडतात. लांबी, रंग आणि टाचेची शिवण बघून सारखे दोन काढायचे, एकावर एक ठेवायचे आणि पुढं सरकवायचे. आठ तास, उभ्यानं. बावीस वर्षं हेच केल्यामुळं सगळे तिला जोडीताई म्हणायचे. हातात मोजा आला की दुसरा कुठं पडलाय ते तिला न बघता कळायचं. पण आताशा तासाभरात उजवा पाय आखडायचा, ती टेबलाला रेलायची आणि ढीग तुंबायचा. शेवटी मुकादमीणच म्हणाली, "ताई, कशानं दुखतंय ते डॉक्टरकडून लिहून आण. नुसतं दुखतंय म्हणून मी वर किती दिवस सांगू? टेबलावरून काढतील तुला."

खुब्याचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडाला धरला आणि म्हणाला, "हाड एकदम स्वच्छ आहे."

"मग दुखतं का?"

"दुखू नये खरं तर," डॉक्टर म्हणाला आणि गोळ्या लिहून मोकळा झाला. आता बोला!

नवऱ्यानं नवी गादी आणली. नवरा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. चपला आणल्या, गादी आणली, शेकायची पिशवी आणली. बाजारात मिळणारं काहीही आणायला तो एका पायावर तयार. बस डेपोत दोनशे ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायचं त्याचं काम. कुणी आजारी पडला तर पाच मिनिटांत बदली माणूस उभा करायचा. घरात मात्र रात्रीची ड्यूटी एकच होती आणि सहा वर्षांत बदली कधी झाली नव्हती.

ती ड्यूटी म्हणजे सासरे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि कमरेखालचं सगळं थंड पडलं. जीभ आणि डोकं शाबूत. बाहेरच्या खोलीत खाटेवर असायचे. रात्रीतून तीनदा तरी हाक यायची, "सूनबाई!" कधी पाणी, कधी भांडं, कधी कूस बदलायची. पहिल्या रात्री ती उठली, कारण नवऱ्याला सकाळी साडेपाचला डेपो गाठायचा होता. दुसऱ्या रात्री ती उठली, कारण पहिल्या रात्री ती उठली होती. पुढं कुणी विचारलंच नाही.

गोळ्या संपल्या तरी फरक पडेना, म्हणून शेजारणीनं एका व्यायामवाल्या डॉक्टरणीचा पत्ता दिला. जोडीताई गेली ती मनातून वैतागूनच. आता ही पाचवं कारण सांगणार! डॉक्टरीण वयानं पोरसवदा, केस वर बांधलेले. फोटो तिनं नुसता बघून बाजूला ठेवला.

"कुठं दुखतं ते नंतर बघू. कधी दुखतं ते सांगा."

"सकाळी उठताना. जिना चढताना. कामावर तासाभरानं."

"आणि रात्री?"

"रात्रीचं तर विचारूच नका."

तिला आडवं करून डॉक्टरणीनं खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, हाड जिथं हाताला लागतं तिथं, अंगठा दाबला. जोडीताई ओरडली, "आई गं!"

"कुठल्या कुशीवर झोपता?"

"उजव्या."

"याच? दुखतंय त्याच बाजूवर झोपता? का हो?"

का? असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. मग जीभ आपोआप बोलली, "डावा कान वर लागतो."

उजवा कान तिचा लहानपणीच फुटला होता. त्या कानानं ढोल वाजला तरी समजायचं नाही. सवय झाली होती, बोलणारा माणूस डावीकडं घ्यायचा की झालं. पण डाव्या कुशीवर झोपलं की चांगला कान उशीत जातो आणि मग बाहेरच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. म्हणून उजवी कूस. सहा वर्षं, रोज रात्री.

हे सगळं तिच्याकडून ऐकून डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसली. "हे बघा. या हाडावर पाण्याची एक इवलीशी पिशवी असते, उशीसारखी. तिच्यावरून स्नायूंच्या दोऱ्या जातात. रोज रात्रभर अख्ख्या अंगाचा भार घालून तिच्यावर पडलात आणि वर त्याच पायावर तीनदा धडपडत उठलात, तर ती सुजणार नाही तर काय होईल?"

"नवी गादी आणली हो."

"गादीनं काय होणार? दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!" डॉक्टरीण म्हणाली. तिनं दोन व्यायाम दाखवले आणि म्हणाली, "सहा आठवडे उजव्या कुशीवर झोपायचं नाही. डावीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. हे केलंत तर बरं होईल. नाही केलंत तर माझे व्यायाम पाण्यात."

"पण मग मला ऐकू येणार नाही."

"घरात आणखी कुणाला ऐकू येतं?"

जोडीताईनं नजर भिंतीकडं वळवली. मग म्हणाली, "सगळ्यांनाच येतं."

कागदावर डॉक्टरणीनं नीट अक्षरात लिहिलं होतं, कारण: उजव्या कुशीवर दीर्घकाळ झोपणे. मुकादमिणीनं तो टेबलाशी उभं राहून मोठ्यानं वाचला. "अगं बाई! झोपल्यानं दुखतंय? मग कमी झोप की!" सगळं टेबल खो खो हसलं. जोडीताईही हसली, पोटात दुखेपर्यंत हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सहा वर्षांत एक रात्र सलग झोपली नव्हती ती. तिचं तोंड बघून मुकादमीण वरमली. म्हणाली, "बरं, सहा आठवडे बसून मोजे डब्यांत भर. मी बघते वरचं. पण त्यानंतर उभं राहता आलंच पाहिजे हं, मग माझ्या हातात काही नाही."

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत चहा घेताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. सासरे खाटेवर डोळे मिटून पडले होते. नवऱ्यानं अगदी मन लावून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे मूळ कारण कान! खुबा नाहीच. बघ, कुणाच्या लक्षात तरी आलं का?"

"अहो, मूळ कारण..." ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "हे सहा आठवडे रात्री तुम्ही उठाल का?"

"मी उठेन गं, त्यात काय! पण बाबांना तुझ्या हाताची सवय. मला ते भांड्याबिंड्याचं जमत नाही, माहितीये तुला. सांडायचं कुठं तरी. तू थांब, मी करतो काही तरी."

आणि केलं ना त्यानं! दुसऱ्या दिवशी बेल घेऊन आला. बटण बापाच्या खाटेच्या दांडीला बांधलं आणि खोका बायकोच्या उशाशी ठेवला. दाबून दाखवलं तर खोक्यानं असा काही टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं. "बहिऱ्यालासुद्धा ऐकू येईल," नवरा खुशीत म्हणाला. "आता खुशाल हव्या त्या कुशीवर झोप!"

जोडीताईच्या अंगाचा तिळपापड झाला. हा खोका उचलून खिडकीबाहेर फेकावा असं तिला वाटलं. तुमचे दोन्ही कान धडधाकट आहेत, हात धडधाकट आहेत, आणि माझ्या एका कानासाठी तुम्ही भोंगा आणलात? पण हे सगळं तोंडावर बोलायला अंगात जोर लागतो. भांडायलाही माणसाची झोप झालेली लागते. ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

त्या रात्री गुडघ्यांमध्ये उशी घेऊन ती डाव्या कुशीवर वळली. चांगला कान उशीत गेला आणि जग बंद झालं.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. अंथरुणात पडून ऊन बघितल्याला किती वर्षं झाली होती! अंग कसं हलकं, डोकं धुऊन काढल्यासारखं. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की उठूच नये. दुसऱ्याच क्षणी ती ताडकन उठून बसली. बेल वाजली नव्हती. रात्रीतून एकदाही नाही.

नवऱ्याची आठवड्याची सुट्टी होती. तो शेजारी उताणा पडला होता, डोळे उघडे.

"बेल वाजली?"

"नाही," तो आढ्याकडं बघत म्हणाला.

ती तशीच बाहेर धावली. खुबा दुखतोय की नाही हे बघायचंही भान नव्हतं. सासरे जागे होते. ओठ कोरडे पडलेले, चादर कमरेपासून गुडघ्यांपर्यंत ओली आणि गार, अंगावर शहारे. बटण दांडीला जागच्या जागी होतं.

"बाबा! अहो, बटण का नाही दाबलंत? हाक तरी मारायची!" ती रडकुंडीला आली. तिनं पेला त्यांच्या तोंडाला लावला.

सासरे पाणी प्यायले. आवाज बसला होता. "मारली की. पाच वेळा मारली."

"मला ऐकूच नाही आलं हो. मेलीचा कान..."

"तुला नाही मारली," सासरे म्हणाले. "तुला कशाला मारू? परवा सगळं ऐकलंय मी. पडून असतो, बहिरा नाही. बटण दाबलं की तू उठतेस, म्हणून नाही दाबलं. मी त्याला हाक मारत होतो."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता.

"झोप लागली होती, बाबा."

"पहिल्या हाकेला तुझं घोरणं थांबलं," सासरे म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो दाराच्या चौकटीशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, आता बेल वाजेल."

"पाच वेळा वाटलं?" जोडीताईनं विचारलं.

तिचा हात सवयीनं ओल्या चादरीकडं गेला होता. तिनं तो मागं घेतला. आत संताप असा दाटून आला होता की ओरडावं, घर डोक्यावर घ्यावं. पण गंमत म्हणजे आवाज चढलाच नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिची झोप झाली होती आणि काय करायचं ते तिला लख्ख दिसत होतं.

तिनं तोंड धुतलं, कपडे बदलले, डबा पिशवीत टाकला. खाटेशी येऊन सासऱ्यांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी नुसती मान हलवली. ती चपला घालायला लागली.

"अगं, निघालीस? आणि हे..." नवरा म्हणाला.

"मला उशीर झालाय. तुम्ही आहात ना."

नवरा खाटेपाशी गेला. एकदा बापाकडं, एकदा कपाटाकडं बघून म्हणाला, "चादरी कुठं असतात?"

जोडीताईच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि दाराची कडी काढली.

"खालच्या खणात," खाटेवरून सासरे म्हणाले. "निळी काढ, ती मऊ आहे. आणि आधी माझा गुडघा वाकव, मग कुशीवर वळव. ती तसंच करते."