मीटरवर ठीक

टोकावड्याला एसटीच्या थांब्यासमोर आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे ह्यांचं. नाव कमळाकर. चारचौघांत मी ते घेत नाही, इथे घेतलं म्हणून काही आभाळ कोसळणार नाही. बेंजो पार्टीचे अॅम्प्लिफायर, देवळातले भोंगे, घरचे मिक्सर, सगळं हे दुरुस्त करतात. माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास कमी, मीटरवर फार. मीटरच्या दोन वायरी टेकवायच्या, आकडा बघायचा, की विषय संपला.

माझाही विषय त्यांनी असाच संपवला होता. गेल्या भातकापणीला डोक्यावर भारा असतानाच माझ्या छातीत दाटून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बांधावर बसले ती बसलेच. तेव्हापासून ओझं उचललं की तसंच होतं. मुरबाडच्या डॉक्टरांनी मला खाटेवर निजवलं, छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली. नॉर्मल. रक्तही नॉर्मल. निजलेल्या बाईला काय होणार, हे मी विचारायला हवं होतं, पण डॉक्टरांपुढे माझी जीभ उचलली नाही. घरी मात्र मी नाटकी ठरले. सासूबाई तोंडावर म्हणाल्या, ह्यांनी निदान रिपोर्ट पुढे केला.

"ह्यात सगळा लिवलंय, मालू. उगा मनाला लावून घेऊ नको."

आता पुन्हा कापणी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतातले भारे खळ्यावर न्यायचे होते आणि मला भीती वाटत होती. ह्यांनी एकदाच म्हणावं, तू येऊ नको, एवढंच मला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी दुकानात चहा घेऊन गेले तेव्हा भगीरथ येऊन बसला होता. तुळशीचं लग्न उरकलं की हळदी सुरू होतात आणि त्याच्या बेंजो पार्टीला उसंत नसते. दुसऱ्याच दिवशी एक हळद होती आणि अॅम्प्लिफायर मुका झाला होता. ह्यांनी तो खोलला. आतला मोठा ट्रान्झिस्टर, पत्र्याच्या टोपीसारखा, काढून मीटर लावला. मीटर नुसताच वाजत राहिला, म्हणजे ट्रान्झिस्टर आतून जळालेला.

हे भंगारातले अॅम्प्लिफायर घेतात, त्यातले ट्रान्झिस्टर काढून डब्यात ठेवतात. त्या डब्यातला एक निवडून त्यांनी तपासला. लाल वायर एका पायाला, काळी दुसऱ्याला, मग काळी त्याच्या अंगाला. वायरी उलट करून पुन्हा. आकडे हवे तसे आले. "एकदम ठीक," म्हणत त्यांनी तो जोडला.

भगीरथने बेंजोची तार छेडली. आवाज आला, तसा तो हसला. मग त्याने आवाज वाढवला आणि फट्कन सगळं बंद झालं. जळका वास सुटला.

ह्यांनी दुसरा काढला, तपासला. ठीक. तोही आवाज वाढवताच गेला.

"मीटर खोटा बोलतोय का तुमचा?" भगीरथ म्हणाला.

"मीटर खोटा नाय रे. पर त्याच्यात बॅटरी केवढीशी. ती ह्याच्यावर काय भार टाकणार? हा बसल्या जागी ठीक हाय, कामाला लावला का मरतो."

वर्षभर मी ह्यांना जे सांगत होते ते ह्यांनी स्वतःच्या तोंडाने, सरळ सांगून टाकलं होतं. मला वाटलं, आता कळेल. आता वर बघतील.

"माजापन तसाच होतंय ना," मी म्हणाले.

ह्यांनी वर बघितलं. ह्यांना कळलं होतं. मी ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत, कळल्यावर ह्यांचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. मग नजर भगीरथकडे गेली, भिंतीकडे गेली, आणि परत अॅम्प्लिफायरमध्ये शिरली.

"कापलेला भात शेतात पडलाय गो," ते हळूच म्हणाले. "माणूस मिलत नाय."

तिसरा ट्रान्झिस्टर बसवून त्यांनी भगीरथला बजावलं, "उद्या हलू वाजव. जोर दिऊ नको त्याला. मदी मदी थंड होऊ दे."

भगीरथने मान डोलावली. मी कप गोळा केले. ह्यांना समजत नाही म्हणून हे असे वागतात, असं म्हणून आधी मी ह्यांना माफ करायचे. आता तेवढाही आधार राहिला नाही.

सकाळी शेतात ह्यांनीच वाकून भारा उचलला. मी डोक्यावर चुंबळ ठेवली. भारा डोक्यावर आला तशी मान आत दबली.

"ठीक हाय ना?" ह्यांनी विचारलं.

मी अजून पाऊल उचललं नव्हतं.

"ठीक हाय," मी म्हणाले, आणि बांधाकडे निघाले.