खिडक्या नसलेलं जहाज

त्या वर्षी मुलांच्या एका मासिकात शालिग्रामराव नावाच्या लेखकांची अवकाशकथा क्रमशः येत होती. फैजपुरात आमच्या गल्लीला मिळून मासिकाची एकच प्रत, ती हातोहात फिरून मऊ पडे. कथेत दूरच्या ताऱ्यांवरचे लोक होते, पण त्यांची जहाजं लेखकांनी मुद्दाम वर्णन केली नव्हती. ती वाचकांनी तयार करून जळगावच्या प्रदर्शनात मांडायची होती. त्यातलं एक जहाज पुढच्या प्रकरणात उडणार होतं.

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. मुलं पुठ्ठे, कात्र्या घेऊन माझ्या ओसरीवर जमत. आकार मी कुणालाच सांगत नसे. एवढंच विचारी, "यात बसणार कोण?"

केळीच्या वॅगनी भरणाऱ्या पितांबरच्या मुलीनं, हेमलतानं, हा प्रश्न फार मनावर घेतला. तिनं कथेतून निवडलेल्या ओरव लोकांना डोळे नव्हते. ते सगळं हातानं ओळखत. म्हणून तिच्या जहाजाला एकही खिडकी नव्हती. पुठ्ठ्यावर तिनं सुतळीच्या, बोटाला लागतील अशा उठावाच्या रेघा चिकटवल्या, इंजिनाकडे जाणारी एक जाड, निजायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बारीक. जिथं दार, तिथं गाठ. वरून चहाच्या पेटीतला चंदेरी कागद, मैद्याच्या खळीनं बसवलेला. पंख लावायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

निघायच्या सकाळी मी स्टँडवर पोचलो तेव्हा खोकं बांधून तयार होतं. केळीच्या वाळक्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी, वर पक्की गाठ. पण कोपऱ्यातून काहीतरी हिरवं डोकावत होतं.

"पितांबर, आत काय घातलंस?"

"केयीची पानं, आबा. ताजी. वॅगनीत घालतो तशीच, खाली-वर दाबून." तो खूश होता. "केयी दिल्लीले पोचते बिनडागाची, मंग हिचं जहाज जयगावले नही पोचनार का?"

हेमलतानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. केळी ओलाव्यात सुखी राहते. पुठ्ठा आणि खळ नाही. पण ती बापाला काही बोलली नाही. तेवढ्यात गाडी लागली आणि लोक दारावर तुटून पडले.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, खोकं सोडणार कुठं? वैशाखातली सकाळ, पत्रा आत्ताच तापलेला. खोकं तिच्या मांडीवर होतं. भुसावळ मागं पडलं तशी ती माझ्या कानाशी आली.

"आबा, फ्रॉक ओला लागतोय."

"हात खालून काढ. वारा लागू दे."

"पंख पडला असेल का?"

"मला दिसत नाही गं."

पुढच्या सीटवरून पितांबर वळून विचारत होता, "नीट हाये ना व माय?" आणि ती दर वेळी मान डोलवत होती. तिची बोटं खोक्याचा तळ एकसारखा चाचपत होती. पुठ्ठा तिथं मऊ झाला होता.

सभागृहाच्या दारात खोकं सोडलं. पानं घामेजली होती. चंदेरी कागदावर चिकाचे तपकिरी डाग, आणि डावा पंख ओल्या पोळीसारखा लोंबत होता. पितांबरचा चेहरा उतरला. हेमलतानं पानं बाजूला करून जहाज बाहेर काढलं.

नोंद करणाऱ्या प्रमिलाबाई म्हणाल्या, "बाळ, मोडलेलं टेबलावर नाही ठेवता येत. सगळ्यांना तोच नियम आहे."

"बाई, हे डोळ्यांनी बघायचं नाहीये," हेमलता म्हणाली. "हातानं बघायचंय."

पलीकडच्या टेबलाशी उभे असलेले शालिग्रामराव ते ऐकून आले. "ओरवांचं?" त्यांनी विचारलं आणि चष्मा काढून डोळे मिटले. बोटं जाड रेघेवरून सरकली. "हे इंजिनाकडे. ही गाठ... दार?"

"हो."

मग बोटं डाव्या पंखावर आली आणि थांबली. "इथं काय झालं?"

"माझ्याकडून ओलं झालं."

"नही साहेब," पितांबर पुढं झाला. "मी गुंडायलं पानात. पोरीचा दोष नही."

शालिग्रामरावांनी डोळे उघडले नाहीत. "प्रवासात असं झालं, तर ओरव काय करतील?"

हेमलतानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर तिचं तिनंच शोधायचं होतं. प्रमिलाबाईंनी घड्याळ पाहिलं. मग हेमलता खाली बसली, खोक्याची सोपटाची दोरी उचलली, खोक्याच्या झाकणाची एक कोरडी पट्टी फाडून पंखाखाली धरली आणि बांधू लागली. एक गाठ सुटली. पितांबरनं बोट दाबून धरलं, तशी बसली.

"आता बघा."

शालिग्रामरावांची बोटं पुन्हा फिरली, नव्या गाठींवर थबकली. "इथं दुखावलं होतं. इथं बांधलंय." ते हसले, आणि जहाज दोन्ही हातांवर तोलत स्वतः टेबलावर ठेवून आले. प्रमिलाबाईंनी नाव लिहून घेतलं. पुढच्या प्रकरणात कोणतं जहाज उडणार, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

निघताना पितांबर मागं राहिला. मी वळून पाहिलं. त्यानं डोळे घट्ट मिटले होते आणि राकट तळवा जहाजाला जेमतेम टेकवला होता, आणखी काही मोडेल या भीतीनं.

"दार कोठी हाये व?"

हेमलतानं त्याचं बोट धरलं आणि गाठीवर नेऊन ठेवलं.